पूर्वीचे अकरा नियम

सातवीतल्या पूर्वी घरतच्या दातांना सोमवारी तारा बसल्या आणि मंगळवारपासून घरात कारलं शिजायचं बंद झालं.

तसं पाहिलं तर पनवेलच्या डॉक्टर रंजितांनी कारल्याचं नावही काढलं नव्हतं. नवीन पेशंटला देतात तो सूचनांचा छापील कागद त्यांनी दिला होता. पूर्वीची आई मनिषा तो कागद सासूच्या हातात ठेवून त्याच दुपारी बहिणीच्या बाळंतपणासाठी उरणला गेली. बाबा, म्हणजे दत्ता, पहाटे ड्युटीवर जायचे ते दिवेलागणीला परतायचे. बेलपाड्याच्या घरात दिवसभर उरल्या दोघीच: पूर्वी आणि तिची आजी जनी, जिला अक्षरओळख नव्हती.

"वाच बाय, काय लिवलंय त्ये," आजी म्हणाली. "डाक्टरचा कागद हाय. त्यातलं एक इकडचं तिकडं व्हायचं नाय."

पूर्वीने सुरुवात अगदी इमानदारीने केली. तीन-चार दिवस दात ठणकतील, मऊ खावं. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा. तार गालाला टोचली तर दिलेलं मेण लावावं. मग ओळ आली, 'कडक, चिकट आणि गोठलेले पदार्थ दातांनी तोडू नयेत.' फ्रीजरमध्ये चॉकोबार होते. पूर्वीने ती ओळ गिळून टाकली आणि मोकळी जागा भरायला म्हणाली, "कारलं खाऊ नये. कडूने तार गंजते."

आजीने मान डोलावली. तीही इतक्या कौतुकाने, की पूर्वीला थांबवेना.

"ठणका कमी व्हायला रोज एक आइस्क्रीम खावं. पेशंटने भांडी घासू नयेत. पेशंटला ओरडू नये." कागदावरचे उरलेले तीन नियम तिने भराभर वाचले. शुक्रवारी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती, हे तेवढ्यात तिला आठवलं. "आणि अकरावा. पेशंटने शाळेत बोलू नये."

आजीने कागदाची घडी करून ती आपल्या पेटीत ठेवली आणि कारभार हातात घेतला.

"पूर्वी, पाणी दे गं!" दत्ताने आल्या आल्या हाक मारली.

"आवाज कमी!" जनी कडाडली. "पोरीला वरडायचं नाय. कागदात हाय."

"आणि आये, कारल्याने तार गंजते?"

"तू डाक्टर हायस का?"

जेवण झाल्यावर भांडीही दत्तानेच घासली.

तीन दिवस पूर्वीने राज्य केलं. गुरुवारी आजी नवं लुगडं नेसून थेट शाळेत गेली आणि वर्गशिक्षिका वसुंधरा मॅडमना तिने नियम सांगितला. मॅडमना फार वाईट वाटलं. त्यांनी तोंडी परीक्षा पुढे ढकलली. गॅदरिंगच्या नाटकात कर्नाळ्याचे पक्षी सभा भरवणार होते आणि पूर्वी त्यांचा प्रमुख, मोठ्या चोचीचा धनेश पक्षी होती. ते बावीस वाक्यांचं काम मॅडमनी वर्गातल्या अलिनाला दिलं. पूर्वीला झाड केलं.

"आजी, मला बोलता येतं!" घरी येऊन पूर्वी जवळजवळ रडली.

"येतं गो. पन बोलायचं नाय."

"कागद परत बघूया का? मी कदाचित चुकीचं वाचलं असेल."

"कागद कशाला? मना पाठ हाय सगला."

दुःखाच्या भरात पूर्वीने गोठलेल्या चॉकोबारचा कचकन लचका तोडला. टक् असा आवाज आला. दातावर चिकटवलेला धातूचा छोटा चौकोन, ब्रॅकेट म्हणतात तो, सुटून तारेवर लोंबकळू लागला.

शनिवारी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पूर्वीचे ओठ प्लास्टिकच्या चिमट्याने ताणून ठेवले आणि विचारलं, "ब्रॅकेट कसा निघाला? सूचना पाळल्या नाहीत का?"

"पालल्या नाय?" जनीला तो अपमान वाटला. ती बोटं मोजत अकराच्या अकरा नियम म्हणून दाखवू लागली. कारल्यापाशी डॉक्टरांचा हात थांबला. भांड्यांपाशी मदतनीस बाई तोंड फिरवून हसू लागली. पूर्वीचं तोंड जन्मात इतकं उघडं राहिलं नव्हतं, आणि त्यातून एक शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरांनी ब्रॅकेट बसवला, चिमटा काढला आणि त्या म्हणाल्या, "आता तूच सांग."

पूर्वीने खुर्चीच्या दांड्याकडे बघत सांगितलं, "आजी, पाच नियम मी घातले. एक खरा होता, तो वाचलाच नाही." आणि तिला रडू कोसळलं.

"ठाव हाय," आजी म्हणाली.

पूर्वीचं रडू जागच्या जागी थांबलं.

"मना अक्षर येत नाय. पन आकडे येतात. बसगाडीचे नंबर वाचत चालीस वर्सं पनवेलच्या बाजारात आले. कागदावर शेवटचा आकडा सात हाय. तू अकरा वाचलेस."

"मग शाळेत कशाला गेलीस?"

"तूच वाचलंस ना, बोलायचं नाय म्हनून?"

"आणि आइस्क्रीम? ते का देत होतीस रोज?"

आजी जराशी चुळबुळली. "ता मनापन आवडतं," ती म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

सोमवारी पूर्वीने मॅडमना सगळं आपण होऊन सांगितलं. मॅडमनी तिची तोंडी परीक्षा तिथल्या तिथे, उभ्या उभ्या घेतली. धनेश मात्र अलिनाकडेच राहिला, कारण चोच तिच्या मापाने शिवून झाली होती.

गॅदरिंगला आजी पहिल्या रांगेत बसली. पक्षी आले, भांडले, उडून गेले. आजीची नजर मागच्या कोपऱ्यातून हलली नाही.

"ता झाड दिसतंय ना?" तिने शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. "माझी नात हाय. जल्मात अशी गप उभी राहिली नवती."