सकाळी आठचं धक्का मंडळ

"ही जीप डोंगर चढते," असं कर्नल कुणालाही, कधीही आणि न विचारता सांगत. सांगताना बॉनेटवर थाप मारत, आणि थाप मारली की आतून काहीतरी सुटून रस्त्यावर पडल्याचा आवाज येई. तो आवाज कर्नलांना ऐकू येत नसे.

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते विमा कंपनीच्या दावे विभागात होते. लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो निरखून 'हे आधीपासूनच असं होतं' असा शेरा मारणं हे त्यांचं काम. कर्नल ही पदवी त्यांना जीपमुळे मिळाली होती. जीप मात्र खरोखरच सैन्यातून निवृत्त झालेली होती आणि निवृत्तीनंतरचे सगळे विकार तिला होते. थंडी सोसत नव्हती, सकाळी उठवत नव्हतं, आणि एकदा बोलायला लागली की शेजारच्या माणसाचं कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

डोंगर तिने पाहिला असेल तर लांबून. तिची मोहीम घर ते ऑफिस आणि रविवारी भाजीबाजार एवढीच. पण त्यातला रुबाब असा की विचारू नका. उंच सीटवर बसलं की इतर गाड्यांची फक्त टपं दिसत. ज्या खड्ड्यात लोकांची चाकं अडकत, त्या खड्ड्याला जीप ओळखही दाखवत नसे. थोडे तोटे होते, नाही कसं. वायपर फक्त शेजारच्या माणसाच्या काचेवर फिरे, त्यामुळे पाऊस आला की रस्ता शेजारच्याला दिसे आणि गाडी कर्नल चालवत. गरम हवेचा पंखा एकदा सुरू झाला होता, तो उन्हाळ्यातही बंद होत नव्हता. बायकोच्या बाजूचं दार आतून उघडत नसे, म्हणून दरवेळी कर्नल उतरून, वळसा घालून, अदबीने दार उघडून उभे राहत. सगळ्या बाजारात बायकोला एवढा मान देणारा नवरा नाही, असं लोक म्हणत. वहिनी लोकांना खरं कारण सांगत नसत. गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे सकाळी जीप सुरू होत नसे. चावी फिरवली की स्टार्टर "घुर्रर्र... घुर्र... घुक" एवढं बोले आणि गप्प होई. मग धक्का.

पण खरं सांगायचं तर कर्नलांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट हा धक्का होता. या गल्लीत राहायला आले तेव्हा पहिले कितीतरी महिने त्यांना कुणी ओळखत नव्हतं. जिन्यात माणसं भेटत, ती मोबाइलकडे बघत उतरत. वहिनी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होत्या. उपाशीपोटी येणाऱ्या लोकांसाठी त्यांना सातच्या बसने निघावं लागे. त्यानंतर कर्नल एकटेच चहा पीत आणि घड्याळाशी बोलत. आणि मग एका सकाळी जीप बरोबर हेडमास्तरांच्या फाटकासमोर बंद पडली.

मास्तर नुकतेच निवृत्त झाले होते आणि हुकूम ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून हैराण होते. ते बाहेर आले, त्यांनी परिस्थिती पाहिली आणि समोरच्या घरातल्या दोघा भावांना हाक मारली. हे भाऊ एक खाली, एक वर राहत आणि गच्चीवरच्या टाकीवरून दोघांनी बोलणं टाकलं होतं. पण मास्तरांची हाक. दोघेही त्यांच्याच शाळेतले. आले.

तेव्हापासून रोज आठ वाजता तिघं जमत. कर्नल आत, थोरले डावीकडे, धाकटे उजवीकडे, मास्तर मधे.

"मास्तर, त्यांना सांगा, नुसता हात ठेवू नका, जोर लावा," थोरले म्हणत.

मास्तर मान वळवून वीतभर अंतरावरच्या धाकट्यांना सांगत, "नुसता हात ठेवू नका, जोर लावा."

"त्यांना सांगा, हा खांदा आहे, जॅक नाही."

"हा खांदा आहे, जॅक नाही. चला, एक, दोन..."

कोपऱ्यापर्यंत जीप धडधडून जिवंत होई. मग इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं गप्पा. राजकारण, गुडघे, शेजारच्या इमारतीचं पाणी. गल्लीने याला 'धक्का मंडळ' असं नाव ठेवलं. मास्तरांच्या डॉक्टरने त्यांना व्यायाम सांगितला होता, तो यात होई. भाऊ हल्ली मास्तरांना मधे न घेता एखादं "ढकल" बोलून जात. आणि कर्नल ऑफिसात पोचत ते चार माणसांत राहून आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

वहिनींना यातलं निम्मंच माहीत होतं. त्यांना वाटे, आपला नवरा रोज सकाळी तीन सभ्य माणसांना छळतो. "लोकांचे उपकार किती घ्यायचे त्याला काही सुमार?" त्या म्हणत. "तोंडावर बोलत नाहीत, पण आत वैतागलेले असतात लोक."

मग कर्नल ऑफिसच्या प्रशिक्षणाला दोन दिवस बाहेरगावी गेले आणि वहिनींनी मिस्त्रीला बोलावून जीपला नवी बॅटरी आणि नवा कोरा स्टार्टर बसवून घेतला. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. कर्नल परतले तेव्हा त्यांनी नुसती चावी हातात ठेवली. "फिरवा."

कर्नलांनी फिरवली. जीप सुरू झाली. घुर्र नाही, घुक नाही. कर्नलांचे डोळे भरून आले आणि वहिनींना ते आनंदाने भरले आहेत असं वाटलं. तेव्हा ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी त्या आनंदाच्या भरात कर्नल पावणेआठलाच चावी फिरवून भुर्रकन निघून गेले.

संध्याकाळी परत आले तर मास्तर फाटकात उभे. "सकाळी आम्ही आलो होतो," ते म्हणाले. "आठला."

"हो का?"

"गाडी नव्हती."

"नव्हती... खरी."

"कुणाला बोलावलंत?" मास्तरांनी आवाज शांत ठेवला होता, शाळेत छडी उचलण्याआधी ठेवत तसा. "पलीकडच्या व्यायामशाळेतली पोरं असतील. तरुण आहेत. आमचं वय झालं, हे स्पष्ट सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

समोर थोरले आपल्या पायरीवर बसले होते, धाकटे आपल्या गॅलरीत. दोघेही दोन दिशांना बघत होते, अगदी पूर्वीसारखे.

गाडी दुरुस्त झाली, एवढे तीन शब्द कर्नलांच्या ओठांवर आले. आणि त्यांना एकदम दिसलं की हे शब्द बाहेर पडले की उद्या आठ वाजता कुणी येणार नाही, परवाही नाही, आणि मग जिन्यात पुन्हा मोबाइलकडे बघत उतरणारी माणसं. शब्द त्यांनी गिळले.

"छे हो. कुणी नाही. काल उतारावर लावली होती, आपोआप घरंगळत चालू झाली. उद्या या ना. याच तुम्ही."

या गल्लीत उतार नव्हता. पण मास्तर भूगोलाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मंडळ हजर. "एकदा चावी फिरवून पाहा," मास्तर रिवाजाप्रमाणे म्हणाले. इथे कर्नलांची खरी पंचाईत झाली. चावी पुरती फिरवली तर जीप बेइमानी करून सुरू होणार. त्यांनी ती अर्धीच फिरवली, मान खाली घातली, आणि विमा कंपनीच्या दावे विभागातल्या त्या वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या गळ्यातून आवाज काढला, "घुर्रर्र... घुर्र... घुक."

"नाही होत," मास्तर समाधानाने म्हणाले. "चला. एक, दोन..."

असं रोज सुरू झालं. कर्नल आंघोळ करताना सराव करू लागले. सुरुवातीला घुक जरा मानवी येई, पुढे त्यात धातू उतरला. संध्याकाळी वहिनी विचारत, "सुरू होते ना पटकन?"

"एका झटक्यात," कर्नल म्हणत, आणि वहिनी इतक्या खूश होत की कर्नलांना जेवण जाईना.

मधे त्यांचा घसा बसला. त्या सकाळी स्टार्टरचा आवाज कसाबसा निघाला आणि शेवटी ठसका लागला.

मास्तर खिडकीशी वाकले. "स्टार्टरची तब्येत बरी दिसत नाही आज."

"जुना झालाय," कर्नल घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला सांगा त्याला," मास्तर म्हणाले आणि मागे जाऊन आकडे मोजू लागले. कर्नलांना वाटलं, मास्तर विनोद करताहेत. तेवढ्यावर त्यांनी विचार थांबवला.

मग वहिनींना सर्दी झाली आणि त्या घरी राहिल्या. आठ वाजता काहीतरी गलका ऐकून त्या गॅलरीत आल्या, आणि त्यांनी दिलेली वाढदिवसाची भेट तीन माणसं ढकलत कोपऱ्याकडे नेताना त्यांना दिसली.

बिचारा नवरा, त्यांना वाटलं. भेट फुकट गेली हे कळू नये म्हणून रोज 'एका झटक्यात' म्हणतो. त्यांचा सगळा राग मिस्त्रीवर वळला. त्यांनी फोन लावला. "तुम्ही नवा स्टार्टर म्हणून काय बसवलंत? कुठल्या भंगारातून उचललात?"

मिस्त्री स्वभावाने मऊ होता, पण कुणी त्याच्या हातच्या कामाला नाव ठेवलं की त्याची झोप उडे. दुसऱ्या सकाळी आठच्या आधीच तो जीपपाशी उभा. शेजारी वहिनी, नाकाला रुमाल लावून.

कर्नल बॅग घेऊन खाली आले, हे दृश्य पाहिलं आणि परत वर जायला वळले. पण मागून मंडळ येऊन ठेपलं होतं.

"साहेब, तुम्ही राहू द्या. मी बसतो," मिस्त्री म्हणाला. मंडळाने सवयीने जागा घेतल्या आणि खांदे लावले. मिस्त्रीने चावी फिरवली.

जीप सुरू झाली. इतकी गोड, इतकी तत्पर ती आयुष्यात कधी सुरू झाली नव्हती.

"ही काय," मिस्त्री म्हणाला. त्याने बंद केली. फिरवली. सुरू. बंद केली. फिरवली. सुरू. "वहिनी, याला भंगार म्हणता?"

वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या. तीन खांदे अजून जीपला टेकलेले होते. कर्नल पायांकडे बघत होते. आता मास्तर काय म्हणतील, भाऊ काय म्हणतील, आणि उद्यापासून आपला चहा पुन्हा घड्याळाबरोबर, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ही सुरू होते, तर मग हे रोज काय चाललंय?"

"वहिनी, त्यांना बोलू नका," थोरले म्हणाले. "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?" कर्नल आणि वहिनी एकदम म्हणाले.

"नवी बॅटरी बॉनेटच्या फटीतून दिसते की," धाकटे म्हणाले. "दादालाच पहिल्यांदा दिसली."

धाकट्यांनी 'दादा' म्हटलं हे कर्नलांच्या लक्षात आलं, थोरल्यांच्या तर आलंच. त्यांनी उगाच चाकाला लाथ मारून पाहिली.

"आणि स्टार्टर खोकत नाही, कर्नल," मास्तर म्हणाले. "मी चाळीस वर्षं मागच्या बाकावरून येणारे आवाज ओळखत आलोय. आम्हाला वाटलं, तुम्हाला ढकलून घ्यायची आवड आहे. असतात एकेकाच्या आवडी. माणूस एवढा गळा फोडतोय, त्याचं मन कशाला मोडा?"

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी..." कर्नल म्हणाले.

"मग काय जीपसाठी?"

वहिनी रुमालाआड हसत होत्या की शिंकत होत्या, कळलं नाही. कर्नलांना मात्र काहीतरी मोठं, उदार असं करावंसं वाटू लागलं. नेमका त्याच वेळी मिस्त्री म्हणाला, "साहेब, वापरायचाच नसेल तर हा स्टार्टर द्याल का? नदीपलीकडे बंगल्यांच्या वसाहतीत एकाकडे अशीच जीप आहे. तिथे फाटकंसुद्धा आपोआप उघडतात, धक्का मारायला माणूस मिळत नाही. दरवेळी मला जावं लागतं."

"घेऊन जा," कर्नल म्हणाले. "आपल्याला काय कमी आहे?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. पण मास्तर, थोरले, धाकटे असे रांगेत उभे होते की त्यांनाही नाही म्हणवेना. "द्या," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." मिस्त्रीने संध्याकाळपर्यंत जुना स्टार्टर परत बसवला. जुना तो जुनाच. रात्रभर कर्नल कृतज्ञतेने झोपले.

सकाळी आठला ते खाली आले. चावी फिरवली. "घुर्रर्र... घुर्र... घुक." अस्सल. किती दिवसांनी ऐकला. त्यांनी मागे वळून पाहिलं.

गल्ली रिकामी होती.

दोघे भाऊ पहाटेच बहिणीकडे गेले होते, एकाच गाडीने, दोघांत एक पिशवी घेऊन. दहा वर्षांचं बोलणं साचलं होतं, परवापर्यंत परतणार नव्हते. मास्तरांची पाठ धरली होती. ते गॅलरीत उशीला टेकून उभे होते आणि नुसते आकडे मोजायला तयार होते.

वहिनींची लॅब त्या दिवशी उशिरा उघडणार होती. त्या खाली आल्या, त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उतरा. मी बसते."

"तू?"

"मग ढकलू मी?"

कर्नल उतरले. वरून मास्तर "एक, दोन" म्हणत राहिले आणि कर्नलांनी एकट्याने, बूट घसरवत, टाय खांद्यावर टाकून, डोंगर चढणारी ती जीप सपाट रस्त्यावर ढकलली. कोपऱ्यावर ती सुरू झाली. वळली. आणि गेली. कर्नलांची बॅग आणि जेवणाचा डबाही गेला.

संध्याकाळी वहिनी जीप घेऊन परत आल्या तेव्हा कर्नल पायरीवर बसले होते. "थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर बंद पडली असती. तुम्ही आधीच दमला होतात."

"आणि तिकडून कशी सुरू केलीस?"

"रिपोर्ट न्यायला आलेल्यांनी धक्का मारला. सात-आठ जण होते. अहो, इतकी चांगली माणसं, इतकी वर्षं मी त्यांच्या फक्त शिरा बघितल्या." त्यांनी डबा काढून कर्नलांच्या हातात दिला. "माझ्या सातच्या बसचे दोघं इथून धक्का मारायला तयार आहेत. त्यांना वाटेत सोडायचं. मी रोज नेते म्हणते."

कर्नलांनी चावी परत मागितली नाही. धक्क्याने माणसाचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिसऱ्या दिवशी आठला मंडळ पुन्हा जमलं. मास्तर पाठीला पट्टा बांधून आले. जीपच्या जागी तेलाचा एक डाग होता. चौघांनी थोडा वेळ तो डाग पाहिला, मग मंडळ कर्नलांना स्टॉपपर्यंत पोचवायला निघालं. राजकारण, गुडघे, शेजारच्या इमारतीचं पाणी, सगळं वाटेत झालं. बस आली ती दारापर्यंत भरलेली होती. थोरल्यांनी डावीकडून, धाकट्यांनी उजवीकडून खांदा लावला, मास्तरांनी मधून, आणि कर्नल पहिल्याच धक्क्यात आत गेले.