सरांना चिडवण्याचा क्लास

"आठ दिवसांत यांना बोलतं करते की नाही बघा! नाही केलं तर नाव बदला माझं!"

काकूंनी हे दारात उभं राहून, कमरेला पदर खोचून जाहीर केलं. समोर चपला घालत होत्या त्या स्पीच थेरपीच्या बाई. बिचाऱ्या महिनाभर येत होत्या. सरांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. बाई रोज गाय, कप आणि किल्लीची चित्रं दाखवायच्या आणि सर रोज भिंतीकडे तोंड फिरवायचे. ज्या माणसाने जन्मभर इंग्रजी व्याकरणाचा क्लास घेतला, त्याला गाय दाखवता? मीही तोंड फिरवलं असतं!

"असं करून बघा," जाता जाता बाई म्हणाल्या, "त्यांना चीड येईल असं काहीतरी करा. रागाच्या भरात शब्द सुटतात कधीकधी."

चीड! काकूंचे डोळेच चमकले. सरांना चीड कशाची येते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? 'जर-तर'च्या वाक्यातल्या चुकीची! कोणी 'इफ इट विल रेन' म्हणालं की सरांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. "इफच्या दारात विल आणि वुड दोघांनाही बंदी! लक्षात ठेव!" हे वाक्य पुढच्या खोलीतून इतक्यांदा ऐकू यायचं, की स्वयंपाकघरातली भांडीही ते म्हणू शकली असती. एकदा घरमालकाने घर रिकामं करण्याची इंग्रजी नोटीस पाठवली, तर सरांनी ती लाल शाईने तपासून, दहापैकी तीन गुण देऊन परत पाठवली. त्या घरमालकाने पुढची नोटीस म्हणे मराठीत काढली.

तेव्हा बेत ठरला. सरांचे जुने विद्यार्थी रोज संध्याकाळी बोलवायचे आणि सरांसमोर धडाधड चुकीची वाक्यं म्हणायची. सर किती दिवस गप्प बसतात तेच बघू!

एकच अडचण होती. काकूंना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. लग्नानंतर त्यांनी एकदा हौसेने विचारलं होतं, "अहो, मलाही शिकवा की!" त्यावर सर म्हणाले होते, "तुला काय करायचंय?" काकूंनी पुन्हा म्हणून विचारलं नाही.

पहिल्या दिवशी आला क्लासातला पहिला नंबर. आता तो कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब होता, टक्कल पडलं होतं, पण काकूंच्या लेखी पहिला नंबर तो पहिला नंबरच. सरांच्या खुर्चीपुढे तो हात बांधून उभा राहिला.

"इफ इट..." तो म्हणाला आणि थांबला. रुमालाने टक्कल पुसलं. "इफ इट... इफ इट..."

"अरे म्हण की विल!" काकू मागून कुजबुजल्या.

"इफ इट रेन्स!" तो एकदम ओरडला आणि मटकन खाली बसला. "नाही जमत, काकू! जीभच वळत नाही. चुकीचं तोंडात आलं की कानफटात बसल्यासारखं वाटतं!"

"मेल्या, आयुष्यभर बरोबर बोललास, आता एक दिवस माझ्यासाठी चूक की रे!"

सर भिंतीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी हुकमी एक्का काढला. टेलर! आता कोपऱ्यावर शिलाईचं दुकान चालवायचा, पण क्लासच्या इतिहासात सगळ्यात जास्त चुका याच्याच नावावर. त्याने तोंड उघडलं की इंग्रजीची सगळी शिवण उसवायची. टेलर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. सरांच्या पाया पडला. घसा खाकरला. आणि एका दमात म्हणाला, "इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव पास्ड!"

पहिल्या नंबराने टाळीच वाजवली.

"टाळ्या काय वाजवतोस? चुकलं ना?" काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू! संपूर्ण बरोबर आहे!"

"बरोबर?" काकू टेलरवर कडाडल्या. "तुला बरोबर बोलायला बोलावलं का रे मी?"

टेलर मान खाली घालून उभा राहिला. "रात्रभर पाठ करत होतो, काकू. एकदा तरी सरांसमोर बरोबर बोलावं असं मनात होतं. आता नाही तर कधी?"

काकू आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवून ओट्यापाशी उगाच उभ्या राहिल्या.

हळूहळू मात्र मंडळींची जीभ सैल झाली. आणखी चारपाच जण यायला लागले. 'इफ यू विल कम', 'इफ ही वुड नो', 'इफ आय विल डाय' अशी एकाहून एक भयंकर वाक्यं खोलीत फुटायला लागली. काकू प्रत्येक वाक्यानंतर विचारायच्या, "यात चूक कुठेय? सांगा, म्हणजे नेमक्या त्या शब्दाला मी यांच्या तोंडाकडे बघेन." पोरं सांगायची, आणि काकू बघत राहायच्या. सरांचा ओठ हलतोय का? भुवई? काही नाही. आठ दिवस उलटले, पंधरा उलटले. नाव बदलायची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण आठवण कोण करून देणार?

मग काकूंनी स्वतःच एक वाक्य पाठ केलं. सरांना भरवताना चमचा पुढे करून म्हणाल्या, "इफ यू विल ईट, आय विल हॅपी!"

सरांनी काकूंकडे पाहिलं. तोंड उघडलं. काकूंनी कान पुढे केला.

सरांनी चमचा तोंडात घेतला आणि तोंड मिटलं.

इकडे वेगळंच रामायण सुरू होतं. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला वाटलं, सर बरे झाले, क्लास पुन्हा सुरू झाला, आणि तोही फुकट! तिने आपल्या सुनेला रोज जिन्यात बसवलं. सून हुशार. ऐकलेलं वाक्य न् वाक्य घोकून ती थेट नोकरीच्या मुलाखतीला गेली आणि 'इफ यू विल सिलेक्ट मी' असं खणखणीत आवाजात सांगून तशीच परत आली.

मग काय विचारता! शेजारीण सुनेला ओढत, जिना दणाणवत खाली आली. "हा क्लास आहे की खेळ? माझ्या सुनेचं नुकसान कोण भरून देणार?"

"तुमच्या सुनेला जिन्यात बसायला कोणी सांगितलं होतं?" टेलर म्हणाला.

"अहो, 'इफ'नंतर 'विल' येत नाही, हे लहान पोरालाही कळतं!" पहिला नंबर म्हणाला.

"मग रोज कशाला ओरडत होता तेच?" सून रडकुंडीला आली.

सगळे एकदम बोलायला लागले. खोलीचा नुसता बाजार झाला. आणि त्या बाजाराच्या मधोमध सर मान कलती करून बसले होते. हनुवटीवर लाळ आली होती आणि ती पुसायचं कोणाच्या लक्षात नव्हतं.

ते पाहिलं आणि काकूंचा बांध फुटला.

"चालते व्हा सगळे!" त्या ओरडल्या. काकू पदराने सरांची हनुवटी पुसायला लागल्या आणि पुसता पुसता सरांवरच बरसल्या. "आणि तुम्ही! तुमच्यासाठी जगाची बोलणी खातेय मी! एक शब्द नाही? नुसतं हूं नाही? भिंतीशी बोलून बोलून वेड लागायची पाळी आली मला! जाते मी लेकीकडे! बसा एकटे! खरंच जाते!"

म्हणाल्या आणि घळाघळा रडायला लागल्या. त्या कुठे जाणार होत्या? पण इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं.

सरांचा डावा हात हलला. त्यांनी काकूंच्या पदराचं टोक धरलं.

"इफ..." सर म्हणाले.

टेलरने पहिल्या नंबराचा दंड धरला.

"इफ... यू..." आवाज घोगरा, कुठून तरी खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखा. "विल... गो..." सर दमले. छाती वरखाली व्हायला लागली. "आय... नॉट... लिव्ह."

अर्थ सगळ्यांना कळला होता, सुनेलासुद्धा. आणि चूकही सगळ्यांना कळली होती.

काकूंना तर सगळ्यांत आधी कळली. पंधरा दिवस त्या दुसरं काय शिकल्या होत्या? इफच्या दारात विल! ज्या शब्दावर सरांचा चेहरा बघायला त्या टपून बसायच्या, तो शब्द आज सरांच्याच तोंडून आला होता. आनंदाने नाचावं की ऊर बडवून रडावं, त्यांना कळेना.

सरांनाही काहीतरी खटकलं. कपाळाला आठी पडली. वाक्यात काहीतरी बिघडलंय एवढं कळत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. अंधारात चष्मा शोधावा तसे ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. बघता बघता नजर पहिल्या नंबरावर आली.

आणि त्याचे ओठ हलायला लागले! जन्माची सवय हो! "सर, इफ यू..." इथपर्यंत तो आलाच होता, तेवढ्यात काकूंनी टेबलावरच्या बशीतली दोन बिस्किटं उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली. साहेब बिस्किटं चघळत, डोळ्यांतून पाणी काढत गप्प उभा राहिला.

सर काकूंकडे वळले. "विल?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले, सरांचा हात हातात घेतला आणि ठणकावून सांगितलं, "विलच! अगदी बरोबर आहे. दहापैकी दहा!"

सरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

उभ्या संसारात सरांनी इंग्रजीतली काकूंची एवढी एकच गोष्ट मान्य केली, आणि तीसुद्धा धडधडीत चुकीची!