सकर माशांची पाठवणी

आमच्या गल्लीत नवा मासा आला की आप्पा मगदूम त्याला बघायला येतात. स्थळ बघायला यावं तसे, टोपी घालून. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेला माणूस. टँकसमोर मांडी घालायची, वही उघडायची आणि उलटतपासणी सुरू. "खातो काय? वाढणार किती? घाण पाण्यात टिकंल का? उद्या रंकाळ्यात गेला तर आपल्या माशांचं काय करंल?" मग निकाल. निऑन टेट्रा: "पाळा बिनघोर." गप्पी: "लई लेकुरवाळी हाय, नजर ठेवा." समोर नवा भाडेकरू आला तेव्हा त्यालाही त्यांनी जवळपास हेच विचारलं होतं.

मी या गल्लीचा जावई, म्हणून त्यांच्या तोंडी कायमचा 'पावणं'. आमच्याकडची काच साफ करणाऱ्या सकर माशांची जोडी बघून ते गंभीर झाले. "पावणं, ही जात लई चिवट. अंगावर चिलखत, खाणारं कोण न्हाय. तळ्यात गेली तर बाकीच्यांची अंडी खाऊन टाकंल. नको झाली तर मला द्या. सोडायची न्हाय."

मी मान डोलावली.

मासे हातभर वाढले. सासूबाई म्हणाल्या, मुके जीव कोंडलेत, सोडा, पुण्य लागेल. आप्पांकडे न्यायचं म्हणजे तासभर व्याख्यान. मी कंटाळा केला. सासूबाईंनी दोघांना कुंकू लावलं, शिदोरीचा दहीभात पाण्यात टाकला आणि मी ती जोडी रंकाळ्यात सोडली. आप्पांना सांगितलं, मेले. ते बिचारे टोपी काढून दोन मिनिटं गप्प बसले.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. परवा आप्पा बादली घेऊन दारात. आत पाच सकर. "जाळं टाकलं की हेच येत्यात. काट्यांनी जाळी फाटाय लागल्यात. फिशरीजच्या ऑफिसला अहवाल देतोय. पयले कुणी सोडले, घरोघर विचारतोय. तुमाला काय विचारायचं न्हाय, तुमचे मेले."

एवढा विश्वास मला सोसेना. "आप्पा, मेले नव्हते. मीच सोडले." मान वर करायची लाज वाटत होती. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही गुडघ्यावर घेतली आणि 'सोडणाऱ्याचं नाव' याच्यापुढे सावकाश स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो, हे काय?"

"तुमची पोरगी शाळंत जाती. पेपरात नाव आलं तर तिला चिडवतील की. मला कोण चिडवणार? घरात हाय कोण?"

मी वही हिसकावून घ्यायला हवी होती. घेतली नाही. चहा टाकू का, एवढंच विचारलं.