प्रबंधाची ओळखपरेड

कॉपीराइटसाठी अर्ज केला की प्रबंधाने आपला लेखक स्वतः चालत जाऊन ओळखून दाखवायचा असतो, म्हणून वृषाली टेंभेकर मंगळवारी आपल्या प्रबंधाला नवं कव्हर घालून, कडेवर बसवून कार्यालयात घेऊन आली. दुसऱ्या कडेवर सात महिन्यांची लेक, ऊर्वी होती.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिचे मार्गदर्शक खांबेटे सर उभे होते. लेखक म्हणून त्यांनीही अर्ज केला होता. बाळंतपणाच्या रजेत प्रबंध आठ महिने सरांच्याच केबिनमध्ये राहिला होता. लळा लागला असेल तर? पोटची पोर हल्ली आजीकडे झेपावते. हा तर सेंद्रिय रसायनाचा, दोनशे बारा पानांचा, चांगला समजता-उमजता.

गायधनी कारकुनांनी चष्मा पुसला. "रेणू कोणी बनवला ते आम्ही विचारत नाही, बाई. लिहिलं कोणी, एवढंच. सोडा त्याला."

प्रबंध उभा राहिला आणि लंगडत लंगडत सरांच्या दिशेने निघाला.

"ये रे राजा," सर म्हणाले. "हिने पान चौऱ्याहत्तरवर यील्ड अकरा टक्के लिहून ठेवलंय, म्हणून लंगडतो बिचारा. मी साठ करून टाकतो. धावायला लागेल बघा."

प्रबंध थबकला.

हाती लागलेल्या त्या अकरा टक्क्यांची वृषालीला आजवर लाजच वाटत आली होती. चाळीस वेळा केलेली अभिक्रिया, आणि फ्लास्कच्या तळाशी चिमूटभर पिवळे स्फटिक. पण होते ते खरे.

"अकराच आहे, सर," ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "लंगडू दे त्याला. पडला तर मी आहे उचलायला."

प्रबंध वळला. त्याला जरा वेळ लागला. संदर्भसूची जड होती. मग तो तिच्या पायाशी आला आणि ओढणी धरून उभा राहिला.

"माझ्याकडे नीट जेवायचाही नाही," सर पुटपुटले आणि पेनाला टोपण लावून निघून गेले.

गायधनींनी अर्ज पुढे ओढला. लेखकाचं नाव लिहिलं, पानं लिहिली. शेवटचा रकाना उरला.

"ओळखीची खूण?"

वृषालीने त्यालाही दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पान चौऱ्याहत्तर," ती ठणकावून म्हणाली. "अकरा टक्के. अक्षरी लिहा."