एक मिनिटाचा चेहरा

संकलन म्हणजे काय ते मला विचारा! एकोणीस वर्षं मी गाणी कापतेय. ठोका पडला की टाच, ठोका पडला की कंबर, ठोका पडला की केसांचा झोत. चार मिनिटांच्या गाण्यात मी दोनशे दहा तुकडे बसवते आणि एकाचंही पाऊल तालाबाहेर पडत नाही. म्हणून परवा दुपारी साडेतीनला माझी भाची धापा टाकत माझ्या कोंदट खोलीत शिरली आणि म्हणाली, ‘मावशी, मला एक मिनिट हवंय,’ तेव्हा मी हेडफोनसुद्धा उतरवला नाही. एका कानावरून सरकवला, तेवढाच मान.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची लेक. अभिनय करते. आजवर तीन गाण्यांत नायिका झाली आणि तिन्ही गाणी मीच कापली. आता तिला एका चित्रपटात नर्सचं काम मिळण्याची आशा होती. चांगलं मोठं काम. दिग्दर्शिकाबाई काटेकोर. त्यांनी दोन मुली निवडून ठेवल्या होत्या आणि दोघींना निरोप एकच: पाच वाजेपर्यंत एक मिनिटाचं चित्रण पाठवा. चेहरा दिसला पाहिजे आणि चेहऱ्यामागे काहीतरी चाललेलं दिसलं पाहिजे. आज मुद्दाम काढलेलं नको, केलेल्या कामातलंच हवं.

तीन गाणी, बारा मिनिटं, त्यातलं एक मिनिट! मी म्हटलं, बाळा, तू चहा सांग. चहा येईस्तोवर तुझं मिनिट बशीत घालून देते.

चहा आला. चहा गार झाला. चहावर साय धरली.

पहिल्या गाण्यात ती जिना उतरते. आधी टाच उतरते, मग घोटा, मग पोटरी, मग कंबर, मग खांदा, मग ओठ. आता चेहरा येणार म्हणून मी सरसावून बसले, तर मध्येच नायक आला. नायक काळा चष्मा काढतो. ज्वारीच्या कणसातून दाणा काढावा इतक्या जपून काढतो. त्या चष्म्याला मी स्वतःच्या हातानं साडेतीन सेकंद दिले होते! दुसऱ्या गाण्यात चेहरा होता, पण धुरात. तिसऱ्यात होता, पण केसांत. तिन्ही गाण्यांतला चेहरा झाडून, पाखडून, सुपात घेतला, तर भरला चार सेकंद. त्यातले दोन सेकंद डोळे मिटलेले.

‘पंधरा दिवस काम केलं होतं गं मी,’ भाची हळूच म्हणाली.

मला लहानपणापासून खोड आहे, वैताग आला की माझ्या तोंडून ओळी पडतात. पडल्याच:

टाच आली, कंबर आली, केस आले पाठी,
चेहऱ्याला जागा नाही घटकाभरासाठी.

भाचीला हसू आलं नाही. घड्याळात पावणेचार झाले होते.

मग मी कच्चं चित्रण उघडलं. कॅमेऱ्यातून निघालेला सगळा माल, न निवडलेला, न कापलेला. म्हटलं, इथं तरी पोर सापडेल. कंबर आठ बाजूंनी होती. मान उजवीकडून, डावीकडून, मागून. खाटकाच्या दुकानात भिंतीवर तक्ता असतो ना, कुठला भाग कुठून निघतो ते दाखवणारा, तसं सगळं नीट मांडलेलं. फक्त ज्याच्या अंगाचे ते भाग, ते जनावर कुठं दिसेना.

तिन्ही गाण्यांचा दिग्दर्शक एकच, त्याला मी फोन लावला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. मी रागातच सुरुवात केली की अरे, सगळं चित्रण बघितलंय मी आता, एकेक फ्रेम बघितलीय, आणि माझी भाची त्यात कुठंच नाही, हा काय प्रकार आहे ते सांग.

खोल गेलेल्या आवाजात तो म्हणाला, ‘ताई, तुम्हाला कसं कळलं?’

काय कळलं, हे मला कुठं ठाऊक होतं! पण एकोणीस वर्षांत एक शिकलेय, समोरचा घसरायला लागला की आपण पायरी व्हायचं नाही. मी गप्प राहिले. तो घसरत गेला. म्हणाला, कंबर दुसऱ्या एका मुलीची आहे, ती फक्त कंबरेचं काम करते. टाच मेकअपवाल्या बाईंची, कारण आणलेली सँडल भाचीच्या पायात शिरेना.

‘आणि मान?’ मी विचारलं. वाटलं, मान तरी घरातली असेल.

‘तिला त्या दिवशी खोट्या दागिन्यांनी पुरळ उठलं होतं,’ तो म्हणाला. ‘वेळ नव्हता. मान माझी आहे.’

इंटरनेटवर गाण्याखाली त्या मानेबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय हो! हंसाची मान, कमळाचा देठ. एकानं तर त्या मानेपायी जीव ओवाळून टाकायची तयारी दाखवलीय. मी फोन ठेवला आणि भाचीकडे वळले. तिला सगळं ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, ‘तू कधी विचारलंस?’

मग पंधरा दिवस ही करत काय होती? उभी होती. दिवे लावेपर्यंत उभी, दिवे हलवेपर्यंत उभी, कंबर येऊन जाईपर्यंत बाजूला उभी.

चार वाजून दहा मिनिटं. आता कॅमेरावाला. त्याला आम्ही ‘नळ’ म्हणतो, कारण दिग्दर्शक कट म्हणाला तरी याचा कॅमेरा वाहतच असतो. प्रत्येक तुकड्याला मागे लांबलचक शेपूट, आणि ती न बघता छाटण्यात माझा अर्धा जन्म गेला. त्याला मी म्हटलं, बाबा रे, देवानं मुलीला तोंड दिलंय, तू ते एकदाही काढलं नाहीस?

नळाला राग आला. तो शांतपणे रागावतो, ते जास्त लागतं. ‘काढलं होतं, ताई. तिसऱ्या दिवशी, गच्चीवर. अडीच मिनिटं नुसता चेहरा. ती रस्त्याकडे बघत होती, फार छान आलं होतं. तुम्हालाच पाठवलं. तुम्हीच म्हणालात, चेहऱ्यावर ठोका बसत नाही, असलं पाठवत जाऊ नकोस.’

मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

नळाकडे त्याची प्रत उरली नव्हती. असले तुकडे मी एका फोल्डरमध्ये टाकायची. फोल्डरचं नाव ‘फालतू’. मागच्या महिन्यात हार्ड डिस्क भरली म्हणून मी ‘फालतू’ पुसून टाकला आणि वर डिस्क कशी हलकी झाली म्हणून सगळ्या मजल्याला सांगत फिरले! दिग्दर्शकाला शिव्या झाल्या, नळाला शिव्या झाल्या, आणि कुऱ्हाडीचा दांडा निघाला माझ्याच मुठीत. भाचीनं हे ऐकलं. गार चहाचा कप उचलला, साय बाजूला सारली आणि तसाच प्यायली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

चार पंचवीस. राहिल्या होत्या त्या शेपट्या. कच्च्या चित्रणाच्या टोकांना लोंबणाऱ्या, कुणी न बघितलेल्या. मी एकेक बघायला लागले. दिवे विझताहेत. मेकअपवाल्या बाई टाच चोळताहेत. नायक चष्मा पुसतोय. आणि चार बेचाळीसला ती सापडली.

कॅमेरा स्टँडवर विसरलेला. समोर माझी भाची, छातीपासून केसांपर्यंत अख्खी. बाजूनं दिग्दर्शकाचा हात येतो-जातो, आणि त्याचा आवाज. ‘तू वळतेस, पण तू वळत नाहीस, पाठ वळते. तू वादळ आहेस, पण शांत. समजलं ना? आणि चेहऱ्याची काळजी करू नकोस, तो लागणार नाही.’

ती ऐकत होती. आधी शहाण्या मुलीसारखी. मग शांत वादळाशी डोळे जरा बारीक झाले, हसू ओठांपर्यंत आलं आणि पाहुण्यासारखं दारातूनच माघारी गेलं. शेवटच्या वाक्याला तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली पडलं. तिनं ते कुणाला न दिसता वाकून उचलावं तसं उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं आणि मान हलवली. समजलं म्हणून.

एक मिनिट आठ सेकंद. मी त्यात एकही कट मारला नाही. उगाच मोठेपणा कशाला घेऊ, वेळच नव्हता. चार अठ्ठावन्नला ते गेलं.

काल सकाळी भाचीला फोन आला. काम तिला मिळालं! दिग्दर्शिकाबाईंनी वर विचारलं, तो तुकडा कुणी दिग्दर्शित केलाय, पडद्याबाहेरच्या माणसाचा मूर्खपणा फार बारकाईनं उभा केलाय. तेव्हापासून आमचा दिग्दर्शक ताठ मानेनं हिंडतोय.

पण संध्याकाळी भाची माझ्या घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. पहिलाच प्रसंग सहा मिनिटांचा, सलग. रुग्णाच्या खाटेशी बसायचं, बोलायचं नाही, कॅमेरा चेहऱ्यावरून हलणार नाही. ‘मावशी, इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलंच नाहीये. सहा मिनिटं मी या चेहऱ्याचं करू तरी काय?’

मी म्हटलं, काही करू नकोस. बस समोर. मी बघते.

घड्याळ लावलं. ती बसली, मी बघू लागले. उजव्या भुवईत एक पुसट व्रण आहे तिच्या, रांगत असताना माझ्याच दाराच्या कडीनं झालेला. खालचा ओठ डावीकडे किंचित दुमडतो, माझ्या आईचा दुमडायचा तसा. तीन गाणी कापली मी या मुलीची, आणि हे मला दिसलं नव्हतं. वाटलं, सहा मिनिटं काय, सहा तास बघेन मी.

‘मावशी,’ ती ओठ न हलवता म्हणाली, ‘टेबल वाजतंय.’

मी खाली बघितलं. माझं उजवं बोट टेबलावर टकटक करत होतं, माझ्या कामाच्या खोलीत कीबोर्डवर कट मारायची कळ असते नेमकी त्या जागी. घड्याळात एक मिनिट चार सेकंद झाले होते, आणि तेवढ्यात मी तिला निदान तीस ठिकाणी कापलं होतं.