नियोजित कंबर

माणसाला वर्षभर तीन गोष्टी दिसत नाहीत: भिंतीतली ओल, मुलांची उंची आणि स्वतःचं पोट. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तिन्ही एकाच आठवड्यात दिसतात आणि माणूस घाबरतो. या घबराटीला सुशिक्षित घरांत संकल्प म्हणतात.

आराखडेसाहेबांच्या घरी हा आठवडा सोमवारी सुरू झाला. (आराखडे हे त्यांचं आडनाव नव्हे. प्रत्येक गोष्टीचा आधी आराखडा करायचा या सवयीमुळे कार्यालयानं दिलेलं ते नाव होतं, आणि ते इतकं चिकटलं की खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.) ते पुलांचे नकाशे तपासणाऱ्या खात्यात उपप्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी तपासलेला एकही पूल पडला नव्हता. बांधलाही गेला नव्हता, पण तो वेगळ्या खात्याचा प्रश्न.

सोमवारी बाथरूमच्या भिंतीला हात टेकला तर रंगाचा पापुद्रा तळहाताला चिकटून आला. मंगळवारी थोरली मुलगी आरशासमोर शेजारी उभी राहिली आणि तिचा खांदा आपल्या खांद्याला लागतोय हे साहेबांना कळलं. सुट्टी संपली की ती दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहायला जाणार होती. बुधवारी बुटाची नाडी बांधायला वाकले, तेव्हा एक आवाज आला. तो खुर्चीचा असावा असं त्यांना वाटलं. पण ते खुर्चीवर बसलेले नव्हते.

त्याच संध्याकाळी थोरलीनं विचारलं, "बाबा, या सुट्टीत मला गाडी शिकवशील? जायच्या आधी?"

"शिकवतो म्हणजे काय! आराखड्यातच घालतो," साहेब म्हणाले. आणि घातलंही.

गुरुवारी चहाच्या वेळी कुटुंबाची बैठक झाली. बैठकीला पत्नी, थोरली, धाकटी आणि उन्हाळ्यासाठी राहायला आलेल्या सासूबाई उपस्थित होत्या. पत्नी रुग्णालयात परिचारिका होत्या. दिवसभर रुग्णांचे हट्ट पुरवून त्या घरी येत, म्हणजे कामात मोठासा बदल असा नसे. सासूबाई फारशा बोलत नसत, त्यामुळे त्यांना फारसं काही ठाऊक नाही असा साहेबांचा समज होता. (हा समज कार्यालयीन होता. तिथे न बोलणाऱ्याला काही माहीत नसतं. बोलणाऱ्यालाही नसतं, पण ते कळायला वेळ लागतो.)

साहेबांनी आपली एकात्मिक योजना मांडली. घराची दुरुस्ती, कुटुंबाचा सहवास आणि शरीराची तंदुरुस्ती या तीन गोष्टी लोक वेगवेगळ्या करतात आणि म्हणून तिन्ही अर्धवट राहतात. त्या एकत्र केल्या तर वेळ एकतृतीयांश लागतो. बाथरूम आपणच फोडायचं आणि आपणच बांधायचं. फोडण्यात व्यायाम, बांधण्यात दुरुस्ती आणि सगळ्यांनी मिळून केलं की सहवास. एका अभ्यासानुसार अशी कुटुंबं अधिक सुखी असतात. (अभ्यास साहेबांनी स्वतः केला होता, बुधवारी, आंघोळ करताना.)

"अहो, एक गवंडी बोलवा," पत्नी म्हणाल्या. "आठवड्यात उरकेल."

"गवंडी आला तर व्यायाम त्याचा होईल," साहेब म्हणाले.

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. मूर्खपणाच्या पुष्कळ युक्तिवादांना ते नसतं, हे पत्नींना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. त्यांनी कप उचलले.

योजनेचा सहवास विभाग सर्वप्रथम कार्यान्वित झाला. दरवर्षी सुट्टीत हे कुटुंब तळ्याकाठी दोन दिवस राहायला जाई. यंदा त्याऐवजी टाइल्सच्या दुकानाची सहल ठरली. दुकान प्रशस्त होतं, थंडगार होतं आणि तिथे नजर पोहोचेल तिथवर नळ होते. पाणी एकालाही नव्हतं, परंतु तळ्यालाही गेल्या वर्षी फारसं नव्हतं. धाकटी नमुन्याच्या बाथटबमध्ये जाऊन बसली आणि विक्रेत्यानं विनंती करेपर्यंत उठली नाही. साहेबांनी तिचा फोटो काढला. 'जलविहार' असं लिहून तो नातेवाइकांना पाठवला.

मग फोडाफोड सुरू झाली. छिन्नी-हातोड्याच्या कामात साहेबांनी जीव ओतला हे त्यांचे विरोधकही (म्हणजे खालच्या मजल्यावरचे) मान्य करतील. त्यांच्या मनगटावर व्यायाम मोजणारं घड्याळ होतं. पहिल्या दिवसाअखेर त्यानं 'वा! आज आपण उत्तम पोहलात' असं अभिनंदन केलं. साहेबांनी दुरुस्ती केली नाही. यंत्राला भावना नसल्या तरी उत्साह असतो, तो मारू नये.

बाथरूम नाहीसं झाल्यानं आंघोळीचा प्रश्न उद्भवला. तोही योजनेत चपखल बसला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपालबाई राहत. खांद्यावर टॉवेल टाकून सगळे ओळीनं वर जाऊ लागले, त्यामुळे जिन्याचा व्यायाम आणि शेजारधर्म एकाच फेरीत साधला. पहिल्या आठवड्यात बाई "चहा घेणार ना?" असं विचारत. दुसऱ्या आठवड्यात "अजून किती दिवस?" असं विचारू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात काहीच विचारेनाशा झाल्या, दार उघडून नुसत्या बाजूला होत. पुस्तक परत करायला उशीर करणाऱ्यांसाठी त्यांनी आयुष्यभर राखून ठेवलेला चेहरा मात्र असे.

गाडीचं शिक्षणही मागे पडलं नव्हतं, ते विचाराधीन होतं. थोरलीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा गाडीत सिमेंटची पोती होती. "तेवढी उतरू दे," साहेब म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागच्या सीटवर टाइल्सचे खोके होते. तिसऱ्यांदा गाडी रिकामी होती, पण साहेबांच्या कंबरेत उसण भरली होती आणि ते जमिनीवर पालथे पडून आराखडा पाहत होते. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही. प्रशासनात याला तक्रारीचं निवारण म्हणतात.

सकाळी साहेब धावायला जात. उन्हाळ्याच्या अखेरीस कार्यालयाची शर्यत होती आणि त्यांनी सगळ्यांसमोर नाव दिलं होतं. ते कोपऱ्यापर्यंत खरोखर धावत. कोपऱ्यावर एक बाक होतं. शरीराला विश्रांतीही तितकीच आवश्यक असते, या विषयावर त्यांचं बरंच वाचन त्या बाकावर झालं.

आणि मग बेसिन आलं.

बेसिन सुंदर होतं, पण आराखड्यापेक्षा जरा ऐसपैस होतं. बाथरूमचं दार आत उघडणारं. ते अर्धं उघडून बेसिनला अडणार हे पत्नींच्या लक्षात आलं.

"अहो, इथून माणूस आत जाणार कसा?"

"मापं पाहिली आहेत मी," साहेब म्हणाले. "फट पुरेशी राहते."

"कुणाला पुरेशी? तुम्ही मावाल त्यातून?"

"आत्ताच्या मापानं नाही. नियोजित कंबर धरली आहे."

यावर सासूबाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. साहेबांनी त्याची नोंद 'सहवास' या सदरात केली.

दार बसवलं तो रविवार होता. दुपारची जेवणं आटोपली होती. बिजागऱ्या आतल्या बाजूनं असल्यामुळे साहेब आत उभे राहिले, पत्नी आणि थोरलीनं बाहेरून दार तोलून धरलं आणि एकेक स्क्रू घट्ट बसला. दार एवढं झोकात लागलं की साहेबांनी ते आतून मिटलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. दोनच पावलं सरता येत होतं. मग त्यांनी दार उघडलं. ते अर्धं उघडून बेसिनवर टेकलं आणि थांबलं.

साहेब फटीतून आधी सरळ निघू लागले, मग आडवे, मग श्वास सोडून. डोकं बाहेर आलं, एक हात आला, एक पाय आला. बाकीचं खातं आतच राहिलं.

गलका ऐकून धाकटी धावत आली. ती त्याच फटीतून सुळकन आत गेली, बाबांना एक प्रदक्षिणा घातली आणि बाहेर आली. म्हणजे फटीत दोष नव्हता. योजना निर्दोष होती. फक्त लाभार्थी अपात्र होता.

"बेसिन काढावं लागेल," पत्नी म्हणाल्या.

"सकाळीच बसवलंय, सिमेंट ओलं आहे. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"मग उद्यापर्यंत तुम्ही?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. पाणी होतं, उजेड होता. याहून कमी सोयींत लोकांनी राज्यं केली आहेत. त्यांनी पालथी बादली घेतली आणि तिच्यावर बसले. बाहेर पत्नींनी चटई टाकली. सासूबाईंसाठी खुर्ची आली. धाकटीनं पत्ते आणले आणि फटीच्या उंबऱ्यावर डाव मांडला गेला. कुणीतरी कलिंगड कापलं, साहेबांची फोड फटीतून आत गेली. कुणालाही कुठे जायचं नव्हतं, कारण ज्यांच्यामुळे सगळ्यांना सतत कुठेतरी जावं लागे ते गृहस्थ अडकले होते.

दोन डाव झाले. साहेब दोन्ही हरले. पत्नी चहा टाकायला उठल्या, धाकटी त्यांच्यामागे गेली आणि सासूबाईंचा खुर्चीतच डोळा लागला. बाहेर थोरली एकटी उरली, भिंतीला पाठ टेकून.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "उद्यापासून गाडी शिकवतो तुला. आता काम संपलंच आहे."

तिनं पत्ते गोळा केले. मग हळूच म्हणाली, "बाबा, मला येते गाडी."

"येते म्हणजे?"

"आजीनं शिकवली. तू सकाळी धावायला जायचास ना, तेव्हा."

"आजीनं?"

"बाबा, आजी शाळेची बस चालवायची. रिटायर होईपर्यंत. तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. लग्नात कुणीतरी सांगितलंही होतं. पण ही बाब नियोजनात विचारात घेतली गेली नव्हती.

"पण गाडीत तर टाइल्स होत्या," साहेब म्हणाले. माणूस फार हलला की तपशिलाला धरून राहतो.

"आजी म्हणाली, असू देत. एकही फुटली नाही म्हणजे ब्रेक नीट लागतोय." ती हसली. "एक फुटली होती. मी सांगितलं नाही तुला."

साहेबांना ती टाइल आठवली. दुकानदाराशी तिच्यावरून त्यांनी मोठं भांडण केलं होतं. त्यांना आता त्या टाइलचं काहीच वाटलं नाही.

"भीती वाटली होती का पहिल्यांदा?"

"गाडीची नाही," थोरली म्हणाली. "तिकडे जायची वाटते. रात्री एकदम वाटतं, नकोच जायला. आईला सांगितलं तर ती म्हणेल नको जाऊस, आणि मग मी खरंच जाणार नाही."

साहेब बादली ओढून फटीजवळ आले. ओढताना बादलीमागची अवजारांची पिशवी कलंडली आणि तिच्यातून स्क्रूड्रायव्हर घरंगळत त्यांच्या पायाशी आला. तासाभरापूर्वी ज्या बिजागऱ्या त्यांनी बसवल्या होत्या, त्या त्यांच्या नाकासमोर होत्या. स्क्रू काढायचे की दार मोकळं. एवढं साधं काम पुलांच्या खात्यातल्या माणसालाही सुचलं असतं, आणि त्या क्षणी ते सुचलंही.

त्यांनी पायानं स्क्रूड्रायव्हर हळूच बेसिनखाली सारला.

"सांग," ते म्हणाले. "काय काय वाटतं?"

मग ती बोलत राहिली. साहेब ऐकत होते. मध्ये एकदा घड्याळानं 'बराच वेळ बसलात, आता उठा' असं सुचवलं, तेव्हा त्यांनी ते काढून साबणाच्या खाचेत ठेवलं.

दिवेलागणीला थोरली उठून गेली. पत्नी फटीशी आल्या.

"आत स्क्रूड्रायव्हर आहे ना?"

"आहे."

"मला वाटलंच."

"मग मघाशीच का नाही बोललीस?"

"एका जागी बसला होतात ना," पत्नी म्हणाल्या. "म्हटलं, बसू द्यावं."

दार निघालं ते पुन्हा बसलं नाही. तिथे पडदा आहे, आणि आत जाणाऱ्यानं गाणं म्हणावं असा नियम आहे. कार्यालयाच्या शर्यतीत साहेब शेवटून दुसरे आले. शेवटचे गृहस्थ बुटाची नाडी बांधायला थांबले होते. वसतिगृहाच्या गावाला गाडी थोरलीनं चालवत नेली. शेजारी सासूबाई बसल्या, मागे बॅगा आणि उशांच्या मध्ये साहेब. घाटात त्यांनी दोनदा "हळू" म्हटलं आणि एकदाच डोळे पुसले. परतताना सासूबाईंनी गाडी चालवली.

आराखडेसाहेबांना हसणं सोपं आहे. आपल्या घरी असलं काही घडलेलं नाही, असं आपण छातीठोकपणे सांगू शकता, आणि ते आपल्या माहितीप्रमाणे खरंच असेल. पण मघापासून आपण हे वाचत असताना घरातल्या कुणीतरी दोनदा काहीतरी विचारलं आणि आपण वर न पाहता दोन्ही वेळा "हं" म्हणालात. आपण नेमका कशाला होकार दिला आहे, ते एकदा जाऊन विचारून या.