ग्रंथभार निर्धारण, सदनिका ४०२

खरवईतल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव हिंदुराव यांच्या छताला भेग पडली. त्या छताच्या वर, चौथ्या मजल्यावर, मिलिंदची आठशे चाळीस पुस्तके होती. एवढ्या दोन वस्तुस्थितींवरून समितीने एकमताने निष्कर्ष काढला.

पुस्तके मिलिंदच्या वडिलांची. अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून ते दर सहा डिसेंबरला दादरच्या स्टॉलवरून पिशव्या भरून आणत. वडील गेले, पिशव्या विरल्या, पुस्तके राहिली. आत कोणी झोपले असावे इतक्या हलक्या हाताने मिलिंद त्यांच्यावरची धूळ पुसत असे.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून भंगारवाल्याचा काटा मागवण्यात आला. भार तीनशे बारा किलो भरला. ‘छापील व डिजिटल यांत समतोल राखावा’ असा ठराव होऊन निम्मी पुस्तके पार्किंगमध्ये उतरवली गेली आणि तेवढीच टॅबमध्ये भरण्याची मिलिंदला परवानगी मिळाली. त्याने मुकाट्याने भरली. खाली पुस्तकांना वाळवी लागली. वर भेग बोटभर वाढली.

समिती पुन्हा वर आली. टॅब अर्धा किलो भरला, पण हिंदुरावांनी आतल्या चारशे वीस पुस्तकांचे एकशे छप्पन्न किलो त्यात मिळवले.

“काका, त्या पुस्तकांना वजन नसतं.”

“वीज तरी दिसते का? मीटर पळतोच ना?”

वाचून झालेल्या पुस्तकांची तरी सूट मिळावी, असे मिलिंदने नम्रपणे सुचवले. ही त्याची चूक झाली.

“वाचलीस म्हणजे डोक्यात गेली,” हिंदुराव म्हणाले. “आणि डोकं राहतं कुठे? चारशे दोनमध्येच ना?”

मिलिंदची आई द्रौपदीबाई पदर खोचून बाहेर आली. “भाऊ, याच्या डोक्यात काय राहतंय? परवा कोथिंबीर आणायला धाडला, तर हात हलवत आला.”

हे निवेदन दाखल करून घेऊन समितीने रीतसर विस्मरण चाचणी ठेवली. सारे विसरल्याचे सिद्ध झाल्यास वाचलेल्या पुस्तकांचा भार शून्य धरून खालची पुस्तके वर येणार होती. न झाल्यास छापील, डिजिटल आणि मिलिंद असा तिन्ही प्रकारचा भार पार्किंगमध्ये हलवायचा होता.

अठरा प्रश्नांना मिलिंदने “आठवत नाही” असे चोख उत्तर दिले. एकोणिसाव्याला हिंदुरावांनी एका पुस्तकाचे पहिले पान उघडले. तिथे पेन्सिलीने वडिलांनी काही लिहिले होते.

“‘आज जेवलो नाही, हे घेतलं,’” त्यांनी वाचले. “पुढे?”

मिलिंदने हात पुढे करून त्या पानावरची धूळ पुसली.

“‘मिलिंद वाचेल तेव्हा जेवेन,’” तो म्हणाला.

नापास.

तेव्हापासून तो पार्किंग क्रमांक सातमध्ये राहतो. आई चौथ्या मजल्यावरून दोरीने डबा सोडते.

नंतर समितीने उरलेल्या सर्व सदनिका तपासल्या. छापील पुस्तक एकाही घरात आढळले नाही. मोबाइलवर प्रत्येक जण दिवसभर वाचतच होता, परंतु काल काय वाचले, हे एकालाही सांगता आले नाही. सर्वांना जागीच ‘भारमुक्त’ दाखला देण्यात आला.

ही सवलत आता वाचकांनाही खुली आहे. अर्जासोबत कोणतेही कागदपत्र जोडण्याची गरज नाही. ही कथा उद्या सकाळपर्यंत विसरावी, म्हणजे पुरे.